भागवंती कोणाला आवडली?

एखादी मालिका कशी आहे असे कोणाला विचारले, तर उत्तरात कथानक क्वचितच येते. येतात ती माणसे. "त्यातली आजी फार गोड आहे", "तो मधला दीर आम्हांला बघवत नाही", "तिच्यासाठीच पाहतो हो, बाकी काही नाही त्यात". कादंबरीविषयी बोलताना आशय, भाषा, रचना असे शब्द सहज तोंडी येतात. मालिकेविषयी बोलताना आपण शेजारपाजाऱ्यांविषयी बोलावे तसे बोलतो. समीक्षेने या 'आवडण्या'कडे नाक मुरडूनच पाहिले आहे. पात्र आवडले म्हणून कलाकृती आवडणे ही रसिकतेची बालवाडी, असा काहीसा समज आपल्याकडेही आहे. तो समज किती टिकतो हे पाहण्यासाठी एका जुन्या मालिकेतली एक बाई आम्हांला फार उपयोगी वाटते. मालिका 'हम लोग', बाई भागवंती. लोकांनी तिच्यासारखे होऊ नये, अशा स्पष्ट हेतूने ती घडवली गेली होती. लोकांनी तिच्यावर जीव लावला. असे का झाले, आणि त्यात चूक कोणाची, हा या लेखाचा विषय.

त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण क्रमशः येणाऱ्या कथेतल्या माणसांत गुंतण्याचा हा प्रकार दूरचित्रवाणीने शोधून काढलेला नाही. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून तुकड्या-तुकड्यांनी प्रसिद्ध होत गेली, तेव्हा यमूचे पुढे काय होणार याची वाट पाहणारी घरे पुण्यात आणि पुण्याबाहेर होतीच. तिकडे लंडनमध्ये आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले आणि वाचकांच्या रोषामुळे पुढे १९०३ साली त्याला रीतसर परत आणले. होम्स काही सद्गुणांचा पुतळा नव्हता. तुसडा, व्यसनी आणि आढ्यताखोर होता. तरी तो वाचकांना हवा होता.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात वाङ्मयानंदाची जी उपपत्ती मांडली, तिचे नाव 'सविकल्प समाधी'. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान पुरते सोडत नाही. आपण आपण राहून दुसरेही होण्यात आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ चर्चा झाली, तिच्यात शिरण्याचे येथे कारण नाही. पण मालिकेच्या संदर्भात ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. मालिकेची समाधी हप्त्याहप्त्याने लागते. वीस-बावीस मिनिटे लागते, मग जाहिरात, मग बातम्या, मग पाने वाढणे. आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी लागते. मधल्या काळात ती माणसे आपल्या घरात नुसतीच वावरत असतात. त्यांच्याविषयी आपण जेवताना बोलतो. तादात्म्यापेक्षा हा प्रकार ओळखीच्या, सहवासाच्या अधिक जवळचा. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी एका निबंधात हेच निराळ्या अंगाने सांगितले. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखतही नसतो, तरी आपण त्याच्याशी परिचितासारखे वागू लागतो, आणि हा एकतर्फी परिचय खऱ्या परिचयाच्याच चालीने वाढत जातो. आणि परिचयातल्या माणसांची निवड आपण गुणांवरून करत नाही. आपला मामा थापा मारतो हे ठाऊक असूनही तो आला की घर हसू लागते.

मराठी प्रेक्षकाला हा अनुभव प्रथम भरपूर दिला तो चिमणरावांनी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कृष्णधवल पडद्यावर अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने. (चिं. वि. जोशी बडोद्याचे, पालीचे पंडित. केळकरांची समाधी आणि मराठीतला सर्वांत लाडका भित्रा माणूस ही दोन्ही बडोद्याशी जोडलेली असावीत, हा योगायोग आम्हांला उगीचच आवडतो.) चिमणरावात अनुकरणीय असे काय आहे? तो भित्रा आहे, बढाईखोर आहे, प्रत्येक कामाचा विचका करण्यात वाकबगार आहे. पुस्तकात तो स्वतःच आपली फजिती सांगतो, आणि सांगताना आपण किती शहाणपणाने वागलो हेही पटवू पाहतो. त्या निवेदनातल्या भाबडेपणावर सारा विनोद उभा आहे. पडद्यावर हे 'मी'पण हरवणार, अशी धास्ती कोणालाही वाटली असती. प्रत्यक्षात निवेदकाचा आवाज गेला, पण त्याजागी एक किडकिडीत देह आणि एक कायम गांगरलेला चेहरा आला, आणि लोकांनी तो आपल्या घरातला मानला. चिमणराव कोणाला आदर्श वाटला नाही. तो आवडला, एवढेच. इथवर कोणाचे काही बिघडले नाही, कारण चिमणरावाकडून कोणाला काही शिकवायचे नव्हते.

'हम लोग'मधून शिकवायचे होते.

या मालिकेचे मूळ मेक्सिकोत आहे, आणि त्या मुळाचेही मूळ पेरू देशात. १९६९ साली पेरूच्या दूरचित्रवाणीवर 'सिम्प्लेमेंते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. मारिया ही खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण. ती शिवण शिकते आणि आपल्या कर्तबगारीवर वर येते. मालिका लोकप्रिय झाली, तसे शिवणयंत्रांचा खप वाढला, मोलकरणी शिवणवर्गांत नावे घालू लागल्या. मारियाच्या लग्नाच्या प्रसंगाचे चित्रण लिमामधल्या एका चर्चमध्ये झाले, तेव्हा हजारो माणसे नटूनथटून, आहेर घेऊन हजर झाली. ही मालिका कोणी लोकशिक्षणासाठी काढलेली नव्हती. पण मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्मात्याने तिच्याकडे बारकाईने पाहिले आणि त्यातून एक पद्धतच बांधली. प्रत्येक मालिकेत तीन जातींची पात्रे हवीत: हवे ते वर्तन करणारी आणि त्याचे फळ भोगणारी भली पात्रे, नको ते वर्तन करणारी आणि त्याची शिक्षा भोगणारी वाईट पात्रे, आणि या दोहोंच्या मध्ये हेलकावे खात शेवटी भल्याकडे वळणारी तिसरी. प्रेक्षक या तिसऱ्यांत स्वतःला पाहील आणि त्यांच्याबरोबर वळेल. या पद्धतीने साबिदोने १९७५ पासून प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर मालिका काढल्या आणि त्यांचा परिणामही दिसून आला.

भारत सरकारच्या नभोवाणी खात्याचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल मेक्सिकोला जाऊन हे सारे पाहून आले. परत आल्यावर लेखनासाठी त्यांनी निवडले मनोहर श्याम जोशींना. आमच्या मते सगळी गंमत, आणि योजनेच्या दृष्टीने सगळा घोटाळा, या निवडीत आहे. जोशी हे हिंदीतले मोठे कादंबरीकार. त्यांना माणसांच्या बोलण्याचा कान होता. अशा लेखकाला तीन कप्प्यांची पेटी देऊन पात्रे त्यात नीट ठेवायला सांगणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यापैकी आहे. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली, पी. कुमार वासुदेव दिग्दर्शक होते. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश उघड-उघड होता आणि लोकांनी तो स्वीकारला नाही. तेव्हा उपदेश पातळ करण्यात आला, घरातली भांडणे-रुसवे पुढे आले आणि मालिका जी धरली ती १७ डिसेंबर १९८५ पर्यंत, दीडशेहून अधिक भाग. त्या काळात देशभर नवी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहत होती, आणि ज्या घरात संच असे त्या घरात संध्याकाळी आळी जमे. दाक्षिणात्य प्रेक्षक हिंदीमुळे तिच्यापासून काहीसा दूर राहिला. महाराष्ट्रात मात्र ही अडचण फारशी नव्हती. बडकी, मझली, छुटकी ही नावे मराठी घरांतही घरातल्या मुलींना चिडवण्यासाठी वापरली जाऊ लागली.

त्या घरात कोण होते, हे आठवावे. दारुडा, बेजबाबदार बाप बसेसर राम. निवृत्त फौजी, करारी दादाजी. चटकन बिनसणारी आणि चटकन विरघळणारी दादी. नोकरीच्या शोधातला लल्लू. भानगडीत पडणारा नन्हे. समाजकार्याकडे वळलेली बडकी. सिनेमाचे वेड घेतलेली मझली. डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. आणि या सर्वांसाठी राबणारी, नवऱ्याचे बोलणे आणि सासूचे टोमणे मुकाट सोसणारी भागवंती. तिचे काम जयश्री अरोरा यांनी केले. साबिदोच्या कोष्टकात भागवंती बसत होती ती नको त्या रकान्यात. सोसत राहणाऱ्या बाईचे काय होते, हे पाहून स्त्रियांनी शहाणे व्हावे, अशी ती योजना.

प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येत आणि घडले त्याचा अर्थ दोन मिनिटांत सांगत. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. येथे क्रम उलटा होता, आधी आख्यान, मग निरूपण. पण बुवा नामांकित. निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द ते निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणून दाखवत, आणि आज आपली भाषा येते का याची लोक वाट पाहत. प्रेक्षकांनी त्यांना पत्रे लिहावीत असे त्यांनी आवाहन केले, आणि पत्रे आली ती सुमारे चार लाख. ती पत्रे आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया यांचा पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी अभ्यास केला. त्यात योजनाकारांना अस्वस्थ करणारी गोष्ट निघाली. भागवंतीचे दुःख पाहून असे सोसू नये असे म्हणणारे प्रेक्षक होते. पण तिच्यात सहनशील भारतीय गृहिणीचा आदर्श पाहणारेही पुष्कळ होते, आणि त्यांत स्त्रिया होत्या. जिच्यापासून सावध करायचे, तिच्याच पायाशी फुले पडली होती.

याला प्रेक्षकाचे अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण हाच प्रकार आधी अतिप्रगत देशांत घडून गेला होता. बी.बी.सी.वर १९६५ पासून जॉनी स्पाइट या लेखकाचा आल्फ गार्नेट हा खडूस, वंशद्वेष्टा गृहस्थ येत असे. त्याच्यावरून अमेरिकेत नॉर्मन लियरने आर्ची बंकर घडवला आणि १९७१ ते १९७९ 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका चालली. दोघांचाही हेतू अशा माणसाचे हसे करण्याचा. १९७४ साली विडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे की, मनात आधीच पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्ची आवडतो, आणि वादात तोच जिंकतो असे त्यांना वाटते. उदारमतवादी माणूस आर्चीला हसत होता, दुसरा आर्चीबरोबर हसत होता, आणि दोघांच्याही हसण्यावर मालिका चालत होती.

भागवंतीचे प्रकरण मात्र आर्चीपेक्षा आम्हांला अधिक गुंतागुंतीचे वाटते, कारण तिच्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. ती का आवडली?

एक कारण अगदी साधे आहे. पडद्यावर काम करताना दिसणारी तीच होती. बाकीचे बोलत, भांडत, स्वप्ने पाहत. भागवंती वाढत होती, आवरत होती, कोणाच्या तरी उशिरा येण्याची वाट पाहत होती. जे पात्र सतत हात चालवत असते त्याच्याकडे डोळा आपोआप वळतो, हे नाटकवाल्यांना जुने ठाऊक आहे. आणि हा संच ज्या स्त्रिया पाहत होत्या त्या त्याच वेळी एका हाताने भाजी निवडत होत्या. त्यांना बडकीची भाषणे पटली असतील. ओळख पटली ती भागवंतीच्या हातांशी. आपले काम कोणीतरी दाखवण्याच्या लायकीचे मानले, हे समाधान लहान नव्हते. त्या स्त्रियांना 'आदर्श' म्हणायचे होते की 'ही आमच्यासारखी आहे' एवढेच म्हणायचे होते, हे सर्वेक्षणाच्या प्रश्नांतून कळत नाही. "कोणाचे अनुकरण करावेसे वाटते?" हा प्रश्न आवडण्याला अनुकरणाच्या दारातून आत घेतो, आणि त्या दारातून आत येताना तिचे पुष्कळसे बाहेर राहते.

दुसरे कारण जोशींचे. त्यांनी तिला शिक्षा केलीच नाही, निदान मनापासून नाही. कोष्टकाप्रमाणे नको ते वागणाऱ्याला फटका बसलेला दिसायला हवा. कादंबरीकाराच्या हाती तो फटका बसताना करुणा झिरपते, आणि करुणेने पात्र मोठे होते. दादीच्या बाबतीत तर मालिकेने प्रेक्षकांपुढे हातच टेकले. दादीला कर्करोग झालेला दाखवला तेव्हा तिचे मरण ठरलेलेच होते. पण लोकांचा जीव तिच्यात एवढा गुंतला की ते मरण लांबवावे लागले, असे दादीचे काम करणाऱ्या सुषमा सेठ यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. सरकारी योजनेतले पात्र प्रेक्षकांच्या लोभावर आपले आयुष्य वाढवून घेते, हा प्रसंग दूरदर्शनच्या इतिहासात अधिक गाजायला हवा होता. पुढे खाजगी वाहिन्यांच्या काळात, २००१ साली, 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर मेला आणि प्रेक्षकांच्या आक्रोशाने परत आला, त्याची चर्चा देशभर झाली. पण त्या पुनर्जन्मामागे धंद्याची गणिते होती. दादीच्या वेळी ती जवळजवळ नव्हती. नूडल्सची जाहिरात होती खरी, पण दादी जगल्याने नूडल्स अधिक खपणार होत्या असे नाही.

तिसरे कारण सांगताना आमचा सूर थोडा बदलतो, कारण ते भागवंतीच्या चाहत्यांच्या बाजूचे नाही. भागवंती आवडली, कारण ती कोणाला अडवत नव्हती. तिच्या सोसण्याने घर चालत होते, कथानक चालत होते, आणि पाहणाऱ्या पुरुषाला आपल्या घराकडे निराळ्या नजरेने पाहण्याची गरज पडत नव्हती. तिच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढता येत होते आणि पाणी पुसून तिच्याच हातचे ताट मागता येत होते. आवडण्यात अशी एक सोय दडलेली असते. ही सोय पाहायची तर भागवंतीच्या शेजारी त्याच काळातल्या दुसऱ्या एका गृहिणीला उभे करावे.

'हम लोग' अजून चालू असतानाच, १९८५ साली, बासू चटर्जींची 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर (विजय तेंडुलकरांची कन्या हे मराठी वाचकाला सांगायला नको) एका भागाने घराघरांत पोचल्या. रजनी सोसत नाही. गॅसवाल्याला जाब विचारते, टॅक्सीवाल्याला धारेवर धरते, शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, जिथे म्हणून रांगेतल्या माणसाला गृहीत धरले जाते तिथे ती बोलते. टॅक्सीचालकांवरचा भाग पाहून मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निदर्शने केली. म्हणजे एका पात्राविरुद्ध मोर्चा निघाला; कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असा सन्मान. रजनी अफाट लोकप्रिय झाली. मग बोलणारी बाई लोकांना चालते, असे म्हणावे काय?

चालते, पण तिने कुठे बोलावे याविषयी प्रेक्षकाची एक अट असते. रजनीचा आवाज उंबरठ्याबाहेर चढतो. घरात तिचा नवरा (करण राजदान) समंजस आहे, थोडा संकोची आहे, बायकोच्या उद्योगांनी किंचित धास्तावलेला आहे. त्याच्याशी तिचे भांडण नाही. ती भांडते ते आपल्या वतीने, आपल्या सिलिंडरसाठी. तिच्यासारखी एखादी आपल्या चाळीत असावी असे सर्वांना वाटले, कारण तिच्या भांडणाचा लाभ चाळीला मिळणार होता. रजनी बसेसर रामच्या घरात सून म्हणून आली असती, आणि तिने पहिल्याच संध्याकाळी बाटली मोरीत ओतली असती, तर तिला किती पत्रे आली असती आणि त्यांतली किती प्रेमाची असती, याचा अंदाज आम्ही वाचकांवर सोडतो.

दारूचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक जोडी. बसेसर राम दारुडा होता आणि कोणाला आवडला नाही. विनोद नागपालांनी तो इतका खरा केला की आवडणे शक्यच नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९८६ साली, सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांची 'नुक्कड' आली. गुरू, हरी, कादरभाई, घनशू भिकारी अशी फाटक्या खिशाची माणसे एका कोपऱ्यावर जमतात. त्यांत सर्वांत लाडका ठरला तो खोपडी, म्हणजे समीर खक्कर, आणि तो सदा झोकांड्या खात असतो. एकच व्यसन, एक पात्र नकोसे, दुसरे काळजाचा तुकडा. फरक अभिनयाचा नाही, दोघेही थोर. फरक जागेचा आहे. 'नुक्कड' घडते रस्त्यावर. तिथे खोपडीच्या दारूचा हिशेब ठेवणारी भागवंती नाही. तो मित्रांच्या संगतीत पितो, मित्रांच्या खांद्यावर मान टाकतो, आणि शुद्धीवर असलेल्यांना सुचत नाही असे शहाणपण बोलून जातो. आम्हांलाही तो आवडतोच. आजही एखादा भाग लागला तर त्याच्या येण्याची वाट पाहिली जाते. फक्त त्या आवडण्याच्या मागे एक घर कापून बाजूला ठेवलेले आहे, एवढे एकदा दिसले की ते नजरेआड होत नाही.

आवडते पात्र आपल्या भोवतीच्या इतरांना नावडते करते, याचा अलीकडचा दाखला सातासमुद्रापलीकडचा आहे. २००८ ते २०१३ या काळात चाललेली 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका: कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवू लागतो आणि पायरीपायरीने क्रूर होत जातो. त्याची बायको स्कायलर संशय घेते, विरोध करते, मुलांना जपू पाहते. प्रेक्षकांनी कोणाचा द्वेष करावा? पुष्कळांनी स्कायलरचा केला. तो द्वेष पुढे अभिनेत्रीपर्यंत पोचला. ऑगस्ट २०१३ मध्ये ॲना गन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितले की या पात्राबद्दलचा राग लोक आता आपल्यावर व्यक्तिशः काढू लागले आहेत. लेखकांनी वॉल्टरला अपराधी म्हणूनच रंगवले होते. पण कथेचे डोळे त्याचे होते. त्याची भीती, त्याची चतुराई, त्याचे सुटणे आपण पाच वर्षे त्याच्या खांद्यावरून पाहिले, आणि त्या वाटेत जी आडवी आली ती आपल्यालाही आडवी आली. भागवंतीने आडवे यायचे नाकारले आणि तिला फुले मिळाली. स्कायलर आडवी आली आणि तिला शिव्या. मधली तीन दशके, दोन खंड आणि तंत्रज्ञानाची सगळी प्रगती यांनी या बाबतीत फार फरक पडलेला दिसत नाही.

तेव्हा पात्र आवडणे ही रसिकतेची बालवाडी, हे मत आम्हांला मान्य नाही. बालवाडीत एवढे गुंते नसतात. पण म्हणून प्रेक्षकाला जे आवडते तेच योग्य, हेही नाही. आवडीला कारणे असतात आणि ती तपासता येतात: कॅमेरा कोणाच्या मागे चालतो, कोणाचे घर दाखवले, कोणाचे वगळले, कोणाच्या रागाची किंमत कोण मोजतो. साबिदोच्या पद्धतीतली उणीव प्रेक्षकाला मूर्ख समजण्याची नव्हती. तिने तर प्रेक्षकाची भावना फार गंभीरपणे घेतली. तिला एवढेच दिसले नाही की रकान्याचा मथळा पात्राच्या कपाळावर उमटत नाही. कपाळावर दिसतो तो घाम.

मनोहर श्याम जोशींना ते दिसले असावे. 'हम लोग' संपल्यावर त्यांनी १९८६ साली आलेली 'बुनियाद' लिहिली. दिग्दर्शन रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांचे. लाहोरातून फाळणीने उखडलेल्या कुटुंबाची ती कहाणी, आणि तिच्या मध्यभागी लाजो. अनिता कंवर यांनी ती कोवळ्या मुलीपासून पांढऱ्या केसांच्या लाजोजीपर्यंत नेली. सोसण्याचे प्रमाण मोजायचे तर लाजोने भागवंतीपेक्षा कमी सोसले नाही. घर गेले, देश गेला. पण येथे तिच्या सोसण्यावरून धडा द्यायला अशोककुमार येत नव्हते. ती रागावते, हट्ट करते, चुकीच्या मुलाची बाजू घेते, आणि हवेलीरामला खडे बोल सुनावते. प्रेक्षकांनी तिच्यावरही लोभ केला, आणि तिला कोणत्या रकान्यात घालावे हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण रकानेच नव्हते.

मराठीत याच्या जवळचे काय, असा विचार करता आम्हांला आठवते ते टिपऱ्यांचे घर. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या लेखनावरून केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ पासून चार वर्षे अल्फा मराठीवर (पुढचे झी मराठी) चालली. चिमणरावांचा गांगरलेला तरुण चेहरा आता आबांचा झाला होता. पण त्या घरातली आमची आवड शामलकडे जाते. शुभांगी गोखल्यांची शामल घरभर राबते, म्हणजे भागवंतीचेच काम करते, आणि करता करता नवऱ्याला, मुलांना, प्रसंगी सासऱ्यांनाही ऐकवते. तिचे ऐकवणे कोणाला खुपले नाही. लोक तिच्या वैतागाची वाट पाहत. तो वैताग विनोदाच्या पदराखाली होता आणि टिपऱ्यांच्या घरात बसेसर राम नव्हता, हे खरे. शेखर टिपरे रात्री पिऊन आला असता तर शामल काय बोलली असती, आणि त्यानंतरच्या भागाला किती जण संचासमोर बसले असते, हे मात्र त्या मालिकेने कधी विचारले नाही.